बंदर, संगणक आणि माणसाचा हात

(उरण परिसरातील विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रविद्येतील अधिकारी पुरुष म्हणून नव्हे, तर शासनाच्या माहिती खात्यातील एक सेवक म्हणून मी आपल्यापुढे उभा आहे. उरणमध्ये येऊन बंदराविषयी बोलणे म्हणजे कोळ्याला भरतीओहोटी समजावून सांगण्यासारखेच होय. तरीही बंदरातील स्वयंचलनाविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करतो. कारण या विषयात आपल्याच भवितव्याचा प्रश्न गुंतलेला आहे.

एकेकाळी मुंबईच्या गोदीत पोती, गासड्या आणि खोकी कामगारांच्या टोळ्या चढवीत-उतरवीत असत आणि जहाज कित्येक दिवस धक्क्याला खोळंबून राही. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ५८ पेट्या घेऊन ‘आयडियल एक्स’ हे जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला पाठविले आणि कंटेनरयुगाला चालना मिळाली. १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा येथील आपले बंदर याच युगाचे अपत्य आहे.

परंतु पेटी झटपट उचलली म्हणजे बंदर गतिमान झाले, असे नव्हे. आजीच्या माजघरातील उतरंड आठवा. तळाचे मडके हवे असेल, तर वरची सारी उतरवावी लागत. बंदराच्या आवारातही पेट्यांची अशीच उतरंड असते आणि प्रत्येक अनावश्यक हालचालीत वेळ व इंधन व्यर्थ खर्ची पडते. कोणते वाहन वा जहाज केव्हा येणार, हे आधी कळले तर आधी जाणारी पेटी वर राहील, अशी योजना संगणक करू शकतो. म्हणूनच स्वयंचलनाचा पाया यंत्राच्या बळात नसून वेळेवर मिळणाऱ्या अचूक माहितीत आहे.

प्रत्येक पेटीवर चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटी पडताळणीचा एक अंक असतो. हा अंक आधीच्या अक्षरांवरून व अंकांवरून गणिताने ठरतो. प्रवेशद्वारावरील कॅमेऱ्याने एखादे अक्षर चुकीचे वाचले, तर बहुधा गणित जुळत नाही आणि चूक तेथेच उघडकीस येते. न्हावा-शेवा येथे २०१६ पासून पेट्यांना रेडिओ लहरींनी ओळख पटविणारे टॅग लावले जाऊ लागले. त्यामुळे आपला माल कोठवर पोचला, हे मालधन्याला घरबसल्या समजू लागले.

याचे मोल नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला विचारावे. त्याची द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवून न्यावी लागतात. बंदराच्या दाराशी वाया गेलेला प्रत्येक दिवस युरोपच्या बाजारात त्या फळाचे आयुष्य कमी करतो.

युरोपातील ज्या रॉटरडॅम बंदरात ही द्राक्षे उतरतात, तेथे १९९३ पासून चालकाविना गाड्या पेट्या वाहत आहेत. त्याच बंदरात जानेवारी २०१६ मध्ये, यंत्रांमुळे रोजगार जाईल या चिंतेने, कामगारांनी चोवीस तासांचा संप केला. ही दोन्ही चित्रे एकत्र पाहिल्याशिवाय या विषयाचे सम्यक आकलन होणार नाही.

उरणच्या मातीला हे सांगावयास नको. जानेवारी १९८४ मध्ये, नवी मुंबईसाठी संपादित केलेल्या जमिनीचा न्याय्य मोबदला मिळावा म्हणून झालेल्या आंदोलनात येथील पाच जणांना प्राण गमवावे लागले. ज्या गावांनी जमिनी दिल्या, त्यांच्या मुलांना प्रगतीची फळे केवळ कुंपणाबाहेरून पाहावी लागू नयेत. यंत्र आणण्यापूर्वी कामगाराला त्या यंत्राचे शिक्षण देणे, हे बंदर चालविणाऱ्यांचे कर्तव्य आहे. आणि ते शिक्षण जिद्दीने घेणे, हे आपले. पडद्यावर पाहून दुरून क्रेन चालविणारा, शीतपेटीची यंत्रणा दुरुस्त करणारा, संगणकाने मांडलेली योजना तपासणारा माणूस यापुढेही लागणारच आहे.

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तेथील कोळी बांधवांच्या मनातही हाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ क्रेनच्या उंचीवरून नव्हे, तर त्या क्रेनच्या नियंत्रणकक्षात किनाऱ्यावरची किती मुले-मुली बसली आहेत, यावरून द्यावे लागेल.

ती जागा आपण आपल्या कर्तृत्वाने मिळवाल, अशी आशा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.