अ‍ॅब्लेशननंतरचा ताप
(वार्षिक मेळाव्यात हृदयविभागातर्फे झालेले भाषण)



अ‍ॅब्लेशन झालेला रुग्ण दोन-तीन दिवसांत चालत घरी जातो, ही समाधानाची गोष्ट आहे. आज मात्र आम्हांला बोलावयाचे आहे ते त्यानंतरच्या सहा-आठ आठवड्यांविषयी.

एट्रियल फिब्रिलेशनचे झटके बहुधा फुप्फुसांतून हृदयात येणाऱ्या नीलांमध्ये उगम पावतात, हे फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल ऐसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले. तेव्हापासून मांडीतील नीलेतून नळी नेऊन त्या जागा डागण्याचा उपचार जगभर रूढ झाला. ‘डागणे’ हा शब्द कानाला बरा वाटत नाही, पण येथे तोच नेमका आहे.

अडचण शरीररचनेची. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याची मागील भिंत अवघी काही मिलिमीटर जाड असते आणि तिच्या पाठीशी अगदी लगत अन्ननलिका. उष्णतेची झळ तेथवर पोहोचली तर व्रण होतो. क्वचित तो खोल जाऊन हृदय व अन्ननलिका यांच्यात छिद्र पडते. नळीद्वारे केलेल्या अ‍ॅब्लेशननंतरचे असे रुग्ण २००४ मध्ये प्रथम नोंदले गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॉटर-एएफ’ या आंतरराष्ट्रीय पाहणीत साडेपाच लाखांहून अधिक उपचारांमागे १३८ रुग्ण आढळले, म्हणजे सुमारे ४,००० मध्ये एक. मात्र त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश दगावले.

लक्षणे दिसू लागतात ती साधारणतः तिसऱ्या आठवड्यात. ताप, थंडी, छातीत दुखणे, घास गिळताना वेदना. कधी एकाएकी अर्धांगाचा झटका. तोवर रुग्ण आमच्यापासून दूर, आपल्या गावी असतो. पावसाळ्यात ताप आला की मलेरिया वा टायफॉईड आणि छातीत जळजळले की आम्लपित्त, असा तर्क कोणीही करील. त्यात गैर काही नाही. खरा धोका पुढच्या पायरीवर आहे. अशा रुग्णाची दुर्बिणीतून तपासणी करताना अन्ननलिकेत हवा भरली जाते आणि ती छिद्रातून हृदयात व तेथून मेंदूत जाऊ शकते. म्हणून शंका येताच एंडोस्कोपी टाळावी, तोंडाने काही देऊ नये आणि छातीचा कॉन्ट्रास्टसह सीटी स्कॅन करवावा. पहिला स्कॅन निर्दोष आला तरी शंका राहिल्यास तो पुन्हा करणे योग्य. उपरोक्त पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्मे वाचले. केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी दहातला एक.

अलीकडे उष्णतेऐवजी विद्युत्स्पंदांनी केलेल्या अ‍ॅब्लेशनच्या २०२४ मधील एका मोठ्या पाहणीत, सतरा हजारांहून अधिक रुग्णांत, असे छिद्र एकदाही आढळले नाही. तथापि हे तंत्र महाग आहे, आणि देणगीदारांनी ते ध्यानात घ्यावे अशी विनंती करण्यास आम्हांला संकोच नाही.

दरम्यान, घरी जाणाऱ्या रुग्णाच्या फाइलीत पहिलेच पान मराठीतील सूचनापत्रकाचे असते. त्यावर अ‍ॅब्लेशनची तारीख आणि विभागाचा चोवीस तासांचा दूरध्वनी लिहिलेला असतो. ताप घेऊन आलेल्या रुग्णाकडे, बंधू-भगिनींनो, ते पान अवश्य मागावे.