सायकल, पावतीपुस्तक आणि खंबाटकी

(सेवानिधी संकलनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'माझी पहिली सेवानिधी सायकल फेरी'. आयुष्यभर खुर्चीत बसून इतरांच्या पराक्रमाच्या बातम्या लिहिणाऱ्या माणसाने त्रेपन्नाव्या वर्षी पुण्याहून वाईपर्यंत सायकल चालवली, याचे लोकांना अप्रूप वाटते. जानेवारी २०२३ मधील ती फेरी सुमारे नव्वद किलोमीटरची होती. आमच्यातील तरुण मुलांना तेवढे अंतर म्हणजे सकाळची न्याहारी! तेव्हा अंतराविषयी मी फार बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते मागण्याविषयी.

फेरीचा एक नियम होता. प्रत्येक सायकलस्वाराने निघण्यापूर्वी किमान पंचवीस जणांकडून निधी आणायचा. रक्कम कितीही चालेल, माणसे मात्र पंचवीस हवीत. आपल्याच खिशातून एकरकमी भरून मोकळे होण्याची वाट त्यामुळे बंद झाली होती. पत्रकाराला माहिती मागण्याची सवय असते; पैसे मागताना मात्र त्याचीही जीभ अडखळते. सहा दिवस पावतीपुस्तक पिशवीतच होते. सातव्या दिवशी मी प्रथम विचारले ते आमच्या इमारतीखाली इस्त्रीचे दुकान चालवणाऱ्या गृहस्थांना. त्यांनी एकच प्रश्न केला, "साहेब, तुम्ही स्वतः चालवणार?" होय म्हणताच इस्त्री बाजूला ठेवून त्यांनी शंभराची नोट काढली.

हाच प्रश्न पुढे जवळजवळ प्रत्येकाने विचारला. निधी कशासाठी, हे त्यानंतर! मागणारा स्वतः काही सोसणार आहे, हे कळले की देणाऱ्याचा हात सैल होतो. त्यात दयेचा भाग कमी असतो, भागीदारीचा अधिक. 'तुम्ही पाय लावा, आम्ही हात लावतो,' असे आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, ते मला फार नेमके वाटले.

आता निधी कशासाठी होता, ते सांगतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला साधारणतः आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस करावे लागते. एका वेळेस सुमारे चार तास रक्त यंत्रातून फिरते आणि तेवढ्या वेळात यंत्राला शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. २०१६ पासून केंद्र शासनाच्या राष्ट्रीय डायलिसिस योजनेमुळे दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत हे उपचार विनामूल्य मिळण्याची सोय झाली. ही मोठीच गोष्ट आहे. परंतु यंत्र साताऱ्यात आणि रुग्ण वाई तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरातल्या वाडीत, त्याचे काय? एस्टीत सवलत मिळाली तरी एस्टी फाट्यावर सोडते. फाट्यापासून पुढची चढण, चार तास यंत्राला जोडून घेऊन थकलेला माणूस, आणि त्याला धरून आणण्यासाठी रोजगार बुडवून आलेला मुलगा किंवा सून. हे आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षे. उपचार फुकट असूनही काही रुग्ण एखादी फेरी चुकवतात. ती चुकली की शरीरात पाणी साठते, धाप लागते. आमचा निधी होता तो अशा रुग्णांना घरून नेऊन परत घरी सोडणाऱ्या एका जीपसाठी: डिझेल, चालकाचे वेतन आणि देखभाल. डिझेलसाठी मागणे फारसे उदात्त वाटत नाही. एका परिचितांनी तर, "यंत्र घेणार असाल तर देतो, त्यावर वडिलांचे नाव घालता येईल," असे स्पष्टच सांगितले. डिझेलवर नाव कोठे कोरणार!

वास्तविक थोडे-थोडे मागून मोठे उभारण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत 'पैसा फंड' उभा केला, लोकमान्यांनी त्याला बळ दिले आणि १९०८ साली तळेगावचा काच कारखाना त्यातून उभा राहिला. ज्या सातारा जिल्ह्यात आम्ही निघालो होतो, तेथे तर १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी घरोघरच्या मूठभर धान्यातून वसतिगृहातील मुले जेवू घातली. सायकलवरून निधी जमवण्याची रीत पश्चिमेकडून आली, हे खरेच. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० साली छत्तीस सायकलस्वारांनी कर्करोगाच्या उपचारांसाठी अशी फेरी काढली आणि दहा हजार डॉलरच्या आसपास रक्कम जमवली. त्या उपक्रमाच्या एकूण निधीने आता एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला आहे. तेथे सायकलस्वारांनी जमवलेला पैसा पूर्णपणे रुग्णालयाकडे जातो. ही शिस्त आपण जरूर घ्यावी. आपल्याकडील काही फेऱ्यांत रंगीत सदरे, पदके आणि फलक यांवरच इतका खर्च होतो की, जीप चार पावले तरी पुढे सरकेल का, अशी शंका येते. आमच्या फेरीत चहा-न्याहारीचा खर्चही सायकलस्वारांनी वेगळा भरला होता.

प्रवासाचे थोडे सांगतो, नाहीतर आपण म्हणाल, हा गृहस्थ जीपने गेला असावा! पहाटे अंधारात कात्रजचा जुना घाट चढलो. जुन्या बोगद्यातून शिंदेवाडीकडे उतरताना थंडीने बोटे इतकी बधिर झाली होती की, ब्रेक दाबला आहे की नाही ते कळेना. शिरवळला नीरा ओलांडली, सातारा जिल्हा लागला, पिठले-भाकरी झाली. खरी परीक्षा खंबाटकीची. आम्ही गेलो तेव्हा पुण्याकडे येणारी वाहने बोगद्यातून येत आणि साताऱ्याकडे जाणाऱ्यांना घाट चढावाच लागे. सर्वांत हलक्या गिअरमध्येही गुडघे बोलू लागले. मालाने भरलेला एक ट्रक जवळजवळ आमच्याच गतीने कण्हत चढत होता. माथ्यावर चहाला थांबलो, तो ट्रकही थांबला. चालकाने चौकशी केली, पन्नास रुपये पुढे केले. पावतीवर नाव काय लिहू, असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, "गाडीचा नंबर लिहा."

सुरूर फाट्यावरून वळून दुपारी एकच्या सुमारास वाईला पोहोचलो. कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीसमोर सायकली टेकवल्या. स्वागताला दोन रुग्ण आले होते. त्यांतील एक शेतकरी बराच वेळ माझ्या सायकलीचे गिअर निरखत होते. डाव्या हातावर, सुया टोचतात त्या जागी, फुगलेली शीर दिसत होती. मी कसे वाटते, असे विचारले, तर जीपविषयी किंवा आजाराविषयी ते काही बोलले नाहीत. म्हणाले, "परवा पोरगं कामाला गेलं. पहिल्यांदाच त्याचा खाडा झाला नाही."

जीपच्या एका महिन्याच्या खर्चाचा तक्ता सभागृहाच्या दाराशी लावला आहे. तो अवश्य वाचावा, शंका असल्यास विचाराव्यात. पुढील फेरीसाठी नावे नोंदवणे सुरू आहे. ज्यांना सायकल चालवणे शक्य नाही, त्यांच्यासाठी तेथेच पावतीपुस्तके ठेवली आहेत. पंचवीस माणसांचा नियम त्यांनाही लागू आहे.