कुंपणापलीकडचे डोंगर

माझ्या एका स्नेह्यांनीं गेल्या वर्षीं भंडारदऱ्याजवळ, शेंडी गांवच्या बाजूस, थोडी जमीन घेतली. विहीर झाली, आंब्याचीं रोपें लागलीं, दोन खोल्यांचें घर उभें राहिलें. दिवाळीच्या सुमारास ते मला म्हणाले, "सुटीला तेथें जातों खरा, पण दुसऱ्या दिवशीं दुपारपासून घड्याळाकडे पाहूं लागतों. करावें तरी काय?" बोलण्याच्या ओघांत आणखीहि एक गोष्ट निघाली. त्यांच्या बांधावरून गांवकऱ्यांची पायवाट जाते. ती बंद करून तारेचें कुंपण घालावें असा त्यांचा बेत होता. मला या दोन्ही गोष्टी एकच वाटल्या. मीं म्हटलें, "तार आणण्यापूर्वीं त्या वाटेनें एकदां चालून तर पहा!"

आरंभ कळसूबाईपासून करावा. १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट उंचीचें हें शिखर महाराष्ट्रांत सर्वांत उंच. बारी गांवाहून पहांटे निघावें. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. माथ्यावर देवीचें लहानसें देऊळ आहे. तेथून पश्चिमेस अलंग, मदन व कुलंग हे गड दिसतात, आणि दक्षिणेकडे १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या धरणानें अडविलेलें प्रवरेचें पाणी. आपल्या जमिनीचा तुकडा या विस्तारांत केवढा, हें तेथें उभें राहिल्यावांचून कळत नाहीं.

ही प्रवरा उगम पावते रतनगडाच्या डोंगरांत. म्हणून दुसरी फेरी तिकडे काढावी. रतनवाडीस अमृतेश्वराचें प्राचीन कोरीव देऊळ स्वस्थपणें पहावें व मग गड चढावा. माथ्यावर खडकास आरपार पडलेलें भोंक आहे. त्यास नेढें म्हणतात. त्यांत बसणाऱ्यानें टोपी हातीं धरावी हें बरें!

हरिश्चंद्रगडास मात्र एक रात्र द्यावी. केदारेश्वराच्या गुहेंत चार खांबांपैकीं एकच शाबूत असून पिंडीभोंवतीं कमरेइतकें थंडगार पाणी आहे. कोंकणकड्यावरून खालीं पाहावयाचें तर पोटावर पडूनच पहावें. तेथें शौर्याची गरज नाहीं. साम्रदच्या सांदण दरींत पावसाळ्यांत मुळींच उतरूं नये. पाण्याचा लोंढा आला तर बाजूस सरण्यास जागा नसते.

वाटाड्या गांवांतलाच घ्यावा, व त्याची मजुरी आधींच ठरवून पुरी द्यावी. शहरांतून येणारे आपण लोक येथें घासाघीस कां करतों, कोण जाणे!

माझे स्नेही अशाच एका वृद्ध वाटाड्याबरोबर हिंडूं लागले. त्यांच्या बांधावरची वाट वरच्या वाडीला जाते, आणि तेथलीं मुलें तिनेंच शाळेस येतात, हें त्यांस पहिल्याच दिवशीं समजलें. वहिवाटीच्या वाटेंतील अडथळा काढविण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यानें तहसीलदारास आहे, हें मीं त्यांना सांगणार होतों; तशी वेळच आली नाहीं. कुंपण त्यांनीं घातलें आहे. वाटेवर मात्र फाटक आहे, व त्यास कुलूप नाहीं.

येत्या मे महिन्याच्या अखेरीस त्यांनीं मला काजवे पाहण्यास बोलाविलें आहे. मोटार गांवांतच ठेवून पुढें पायीं यावें, अशी अट आहे. दिव्यांच्या झोतांत काजवे दिसत नाहींत.