बाद फेरी आणि ऑफिसचा कर्णधार



मुंबईत ऑफिसांच्या क्रिकेटला मोठी परंपरा आहे.
टाइम्स शील्डसारखी स्पर्धा आहे.
सुनील गावस्करसुद्धा निर्लॉन कंपनीकडून खेळले.
आपला संघ मात्र अकाउंट्स आणि स्टोअर्सच्या मंडळींचा.
आणि सामना बाद फेरीचा.
हरलात, की घरी!

म्हणून कर्णधारानं षटकं आधीच वाटून ठेवावीत.
वीस षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला बहुधा चारच मिळतात.
म्हणजे किमान पाच गोलंदाज हवेतच.
हुकमी गोलंदाजाला शेवटासाठी राखून ठेवू नका.
समोरच्या फलंदाजांची जोडी जमली, की त्याला आणा.

मध्येच साहेब म्हणतील, “एक ओव्हर मी टाकतो.”
हसून सांगा,
“सर, तुम्ही मिड-ऑफलाच हवेत. सल्ला द्यायला!”

आझाद मैदानावर आणखी एक गंमत.
शेजारच्या सामन्याचा क्षेत्ररक्षक आपल्याच हद्दीत उभा असतो.
चेंडू त्याला लागला तर धावा किती?
सामना बरोबरीत सुटला, तर पुढे कोण जाणार?
हे नाणेफेकीआधीच पंचांना विचारा.

आणि पुन्हा सांगतो, षटकं आधी वाटा.
कागदावर लिहा.
कागद खिशात ठेवा.
अठराव्या षटकाला गोलंदाज उरला नाही,
तर साहेबांनाच चेंडू द्यावा लागेल!