सतरंजीचं दुसरं टोक

संमेलन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्यासपीठ येतं. हारतुरे, शाली, अध्यक्षांचं भाषण. मी गेली तीसेक वर्षं संमेलनांना जातो आहे, पण माझ्या आठवणीत मंडपाची मागची बाजूच जास्त आहे. छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावून मागं उभं राहिलं की भाषण कर्ण्यातून ऐकू येतं आणि तेही तुकड्यातुकड्यानं. कारण वक्ता ऐन रंगात आला की कुणीतरी येऊन विचारतं, "अहो, पिण्याचं पाणी कुठं आहे?"

मी कविता लिहितो, मराठीत. नाव मुसलमानी, घरची बोली दखनी, शिक्षण बी. ए., मूळ गाव सातारा. पोटापाण्यासाठी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत पेढीवर दिवाणजी आहे. बोटं कायम पिवळी असतात, त्यामुळं नव्या माणसाला वाटतं, याच्या घरी नुकतंच लग्न झालं असावं.

साताऱ्यात 66वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं ते 1993 साली. अध्यक्ष होते विद्याधर गोखले. मी नुकताच पदवीधर झालो होतो, आणि अक्षर बरं म्हणून मला नोंदणीच्या टेबलावर बसवलं होतं. डिसेंबर-जानेवारीतल्या मुंबईच्या दंगलींचं बोलणं तेव्हा घरोघरी चालू होतं. अब्बा एवढंच म्हणाले, "गर्दी में कायकू जाता?" अम्मीनं काही न बोलता डबा भरून दिला. त्या डब्याच्या जोरावर मी गेलो.

नाव लिहून घ्यायचं, पावती फाडायची, जेवणाची कुपनं मोजून द्यायची. त्या टेबलाशी एक वयस्कर प्रतिनिधी आले. त्यांनी माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं, चष्मा वर केला आणि कौतुकानं म्हणाले, "वा! तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" मी त्यांना कुपनं दिली. दुसरं काय देणार? माणूस सज्जन होता. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, 1990 मध्ये, पुण्याच्या संमेलनाचे अध्यक्ष संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण होते. सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही सुरू झालं होतं. शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिल्याला तर काही शतकं झाली. पण हे सगळं त्या टेबलावर बसून कधी सांगणार? मागं चाळीस माणसांची रांग होती. पुढच्या काळात ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की समोरच्याचा चष्मा वर गेला की आता काय येणार हे मला कळतं.

पुढं नोकरीसाठी सांगलीला आलो आणि औदुंबरला जायला लागलो. कृष्णेच्या काठी दत्ताचं ठिकाण, पलीकडं भिलवडी, आजूबाजूला ऊसच ऊस. कवी सुधांशूंच्या या गावात सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन स्वातंत्र्याच्या आधीपासून दर मकर संक्रांतीला भरतं. कुणाला वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही, संक्रांत म्हणजे औदुंबर. पहिल्या वर्षी मी ऐकायला गेलो होतो. तिथं एक निवृत्त शिक्षक एकटेच सतरंज्या अंथरत होते. त्यांनी माझ्याकडं बघून म्हटलं, "धर की त्ये टोक, बघत काय हुबा राह्यलास?" मी धरलं. तेव्हापासून दरवर्षी आम्ही दोघं. त्यांना सगळे गुरुजी म्हणत, मीही. आदल्या दिवशी सतरंज्या मोजायच्या, झटकायच्या, अंथरायच्या, आणि दुसऱ्या दिवशी घड्या घालायच्या. मधे कविसंमेलनात कवीला चिठ्ठी द्यायची, 'वेळ संपली'. कवी ती चिठ्ठी वाचतो, खिशात घालतो आणि म्हणतो, "आता शेवटच्या दोन." मी स्वतः कवी असल्यामुळं याबद्दल अधिक बोलत नाही.

हे सगळं मी एकदा माझ्या भाचीला सांगत होतो. ती सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत होती. ती हसून म्हणाली, "मामू, मी पण हेच करते. फक्त सतरंज्या नाहीत, टी-शर्ट आहेत."

पायथन नावाची एक भाषा आहे, संगणकाला काम सांगायची. नाव सापावरून नाही, 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी नटमंडळींवरून आहे. नेदरलँड्सच्या गिडो व्हान रॉसम यांनी ती 1991 मध्ये लोकांपुढं ठेवली. ती वापरायला पैसे पडत नाहीत. कुणीही घ्यावी, दुरुस्त करावी, पुढं द्यावी. ती वापरणाऱ्यांचं भारतातलं संमेलन, 'पायकॉन इंडिया', 2009 मध्ये बेंगळुरूला सुरू झालं आणि 2011 मध्ये पुण्यात भरलं. आमची भाची तिथं पहिल्यांदा स्वयंसेवक झाली. मग दरवर्षी, ज्या गावी असेल त्या गावी, ती जात राहिली. नोकरी लागल्यावर रजा काढून जायची. ताई विचारायची, "पैसे देतात का?" नाही देत. संमेलन चालवणारेच बिनपैशाचे, नोकऱ्या सांभाळून वर्षभर राबणारे.

ती वर्णन करायला लागली आणि मला सगळं ओळखीचं वाटायला लागलं. नोंदणीचं टेबल, गळ्यात अडकवायची नावं, संपत आलेलं जेवण, हरवलेली पिशवी. टी-शर्टांत मधल्या मापाचे आधी संपतात, अगदी आमच्या कुपनांसारखे. तिथंही वक्त्याला वेळेची पाटी दाखवायला एक माणूस पुढं बसवतात. त्यांच्याकडं पाच-पाच मिनिटांची भाषणंही असतात आणि पाच मिनिटं झाली की माणूस खरोखर थांबतो. मी म्हटलं, असे दोन-चार औदुंबरला पाठव.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. भाषणं संपल्यावर बरेच जण घरी जात नाहीत. चार-सहा जणांचे गट बसतात आणि सगळ्यांच्या वापरातल्या एखाद्या प्रणालीतल्या चुका काढून दुरुस्त करतात. संमेलनानंतर आपण बसून एखाद्या जुन्या दुर्मीळ पुस्तकाची मुद्रितं तपासून टाकली तर? आपण ठराव करतो आणि गाडी पकडतो.

ती असंही म्हणाली, की त्यांच्याकडं आता वागण्याचे नियम लिहून दिलेले असतात. धर्म, लिंग, रूप यावरून कुणाला टोचून बोलायचं नाही, त्रास द्यायचा नाही आणि तसं झालं तर कुणाकडं जायचं, तेही त्यात असतं. मला हसू आलं. शिकलेल्या माणसांना नीट वागा म्हणून लेखी द्यावं लागतं? ती हसली नाही. म्हणाली, "पहिल्या वर्षी तीन जणांनी मला विचारलं, तू कुणाबरोबर आलीस म्हणून. भावाबरोबर की मित्राबरोबर." मग माझा चष्मेवाला प्रतिनिधी मला आठवला आणि माझंही हसणं थांबलं.

"तुमच्याकडं असं काही लिहिलेलं आहे का?" तिनं विचारलं. मी तिला 2010 च्या संक्रांतीची गोष्ट सांगितली.

सप्टेंबर 2009 मध्ये, ऐन गणेशोत्सवात, मिरजेत दंगल झाली. सांगलीतही संचारबंदी लागली. पेढी काही दिवस बंद राहिली. उघडल्यावर हमालांपासून शेठपर्यंत सगळे माझ्याशी जरा जास्तच प्रेमानं बोलत होते. त्या जास्तीचाच त्रास होत होता. डिसेंबर गेला, जानेवारी आला. बायको म्हणाली, यंदा राहू दे. मलाही वाटत होतं, राहू दे. कुणी काही बोलेल याची भीती नव्हती. कुणीतरी मुद्दाम पुढं बोलावून सत्कार करील, ऐक्यावर दोन शब्द बोलायला लावील, ही भीती होती. मला दोन शब्द बोलायचे नव्हते. मी गुरुजींना काही कळवलं नाही.

तेरा तारखेला दुपारी पेढीवरचा फोन वाजला. गुरुजी. नमस्कार नाही, खुशाली नाही. "सतरंज्या चारला येणार हायत. मी एकट्यानं उचलायच्या का?"

मी म्हटलं, "येतो."

"ये. आन् येताना सुतळी आण," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी सुतळी घेऊन गेलो. संध्याकाळी नदीवरून वारा सुटला होता. सतरंज्यांची टोकं उडत होती. आम्ही त्यांवर विटा ठेवल्या. दंगलीचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही, पुढंही कधी काढला नाही. दुसऱ्या दिवशी तिळगूळ देताना मात्र म्हणाले, "सुतळी पातळ आनलीस, लेका."

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण मामू, प्रत्येकाला गुरुजी भेटतीलच असं नाही ना. म्हणून लिहून ठेवायचं." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

2020 आणि 2021 मध्ये करोनामुळं त्यांचं संमेलन पडद्यावरच झालं. ती सांगलीतच होती. दिवसभर कानाला यंत्र लावून कुणाचा आवाज येत नाही, कुणाचं चित्र दिसत नाही, ते सोडवत बसलेली. मी चहा नेऊन दिला. संध्याकाळी विचारलं, भाषणं कशी झाली? म्हणाली, "ऐकलीच नाहीत."

2026 च्या जानेवारीत 99वं संमेलन साताऱ्यात, शाहू स्टेडियमवर झालं. अध्यक्ष विश्वास पाटील. मी एक दिवस गेलो, भाची पुण्याहून आली. इतकी मोठी गर्दी, पुस्तकांची दालनं. मी व्यासपीठ कुठं आहे ते शोधत होतो तेवढ्यात ही गायब. पाहतो तर स्वयंसेवकांच्या टेबलाशी उभी राहून पोरांना विचारत होती, "सकाळपासून चहा तरी मिळाला का तुम्हाला?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी संक्रांत. गुरुजी आता नाहीत. मी आदल्या दिवशी औदुंबरला पोहोचलो तेव्हा सतरंज्या येऊन पडल्या होत्या. एक कॉलेजचा मुलगा पुढं आला. "काका, तुम्ही बसा. आम्ही करतो."

"धर ते टोक," मी म्हटलं.

त्यानं धरलं. झटकल्यावर धूळ उडाली, दोघंही शिंकलो. मग त्यानं माझं नाव विचारलं. मी सांगितलं.

"बरं," तो म्हणाला, "ही लांबडी आधी घेऊ या का?"