आबालाल रहिमान यांची झाडं आणि आपलं रान

(साक्री येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



निसर्गचित्राचा विषय निघाला की पहिलं नाव येतं क्लोद मोने यांचं. १८७४ साली पॅरिसमध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतंत्र प्रदर्शन भरवलं आणि इम्प्रेशनिझमची चर्चा सुरू झाली. झाडाचं पान न् पान रेखण्यापेक्षा त्या घटकेला झाडावर पडलेला उजेड रंगवायचा, अशी त्यांची दृष्टी. आज मात्र मी बोलणार आहे ते कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्याविषयी. ते युरोपला कधी गेले नाहीत. तरीही त्यांची चित्रं पाहणाऱ्याला मोने आठवतात. असं का व्हावं?

आबालाल मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. तिथलं शिक्षण पक्क्या रेखाटनाचं. ते पचवून ते कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमलं. पण त्यांचा जीव रमला कोटितीर्थ तलावाच्या काठी. तिथेच ते फकिरासारखे राहिले. तेच पाणी, तीच झाडं त्यांनी सकाळी, भर उन्हात, तिन्हीसांजेला, पावसाळी ढगाखाली पुन:पुन्हा रंगवली.

त्यांचं झाड जवळ जाऊन पाहा. पान शोधून सापडत नाही. रंगाचे लहान लहान फटकारे दिसतात, पिवळ्याशेजारी हिरवा आणि हिरव्याच्या पोटात जांभळा. चार पावलं मागे या, की झाड उभं राहतं आणि दिवसाचा कोणता प्रहर आहे तेही कळतं. सावलीत निळसर झाक का येते? झाड सूर्याचं ऊन अडवतं, पण निळ्या आभाळाचा उजेड खाली पोचतोच. हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही. त्यासाठी झाडाखाली बसावं लागतं. जलरंग तर घाईचं काम. इकडे कागद वाळतो, तिकडे ऊन सरकतं. बारकावे रेखायला सवडच नसते, नेमकं तेवढंच टिपावं लागतं. आबालाल यांना ही नजर दिली ती कोटितीर्थानं आणि वर्षानुवर्षांच्या बैठकीनं, असं माझं ठाम मत आहे.

१९२२ साली शाहू महाराज गेले. त्या दु:खात आबालाल यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात टाकून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली तेही गेले. उरलेल्यांपैकी काही चित्रं कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत. तिकडे गेलात तर अंबाबाईच्या दर्शनाबरोबर तासभर या चित्रांसाठीही ठेवा.

हे सगळं साक्रीत सांगायला कारण आहे. आपल्याच तालुक्यात बारीपाडा आहे. उजाड झालेलं सुमारे ११०० एकर रान तिथल्या आदिवासी बांधवांनी राखून पुन्हा उभं केलं. त्यासाठी या कामात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. हे काम आपण जगाला अभिमानानं सांगतो, पण ते रान रंगवायला आपल्यापैकी किती जण गेले?

आपली मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. खोडाला चॉकलेटी, पानांना हिरवा, हे त्यांचं ठरलेलं. त्यांना फाल्गुनात पळस दाखवा. मोहाची तांबूस पालवी दाखवा. उन्हाळ्यात पानं झडलेला साग दाखवा आणि श्रावणात तोच साग पुन्हा दाखवा. मग चॉकलेटी-हिरव्यावर त्यांचं भागणार नाही.

कलाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक मुलाला बारीपाड्यात एक झाड नेमून द्या आणि वर्षातून चार वेळा तेच झाड रंगवून घ्या. कागद-रंगांचा खर्च मी करीन. संयोजकांनी पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेच्या मांडवात त्या चित्रांचं प्रदर्शन भरवावं, आणि ज्यांनी ते रान राखलं त्या बारीपाड्याच्या मंडळींना उद्घाटनाला मानानं बोलवावं.