दुसऱ्याच्या मालावरचं दुकान



आत्ता या मंचावर सिनेमाच्या गाण्यांवर नाच झाले. त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही, कारण प्रेक्षकांत विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढेच असतील तर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिक्षणसंस्थांच्या कार्यक्रमांना सूट देतं. हेच नाच उद्या कुणी यूट्यूबवर टाकले, तर ही सूट कामाला येत नाही. संगीतात स्टार्टअप काढू पाहणाऱ्यांची खरी अडचण इथेच आहे. ॲप बनवता येतं, श्रोतेही जमतात. पण विकायचा माल आपला नसतो. त्याचा मालकही एक नसतो: ध्वनिमुद्रण म्युझिक कंपनीकडे, शिवाय शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे.

ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या 'धिंगाणा' या कंपनीचं उदाहरण बघा. स्नेहल आणि स्वप्नील या शिंदे बंधूंनी ती २००७ साली सुरू केली. पुणे आणि कॅलिफोर्निया असा तिचा कारभार होता. भारतीय गाणी ऐकायला लाखो लोक तिथे येत. २०१४च्या सुरुवातीला टी-सीरिजबरोबरच्या कराराचं नूतनीकरण झालं नाही, सेवा बंद पडली आणि काही आठवड्यांतच 'आरडिओ' या दुसऱ्या संगीतसेवेने कंपनी विकत घेतली. पुढच्याच वर्षी आरडिओचंही दिवाळं निघालं. श्रोते तेच होते, गाणी तीच होती. कागद तेवढा संपला.

कुणी म्हणेल, स्पॉटिफायला जमलंच ना? जमलं, पण केव्हा, तेही पाहा. २००६ साली स्थापन झालेल्या या कंपनीने पूर्ण वर्षाचा पहिला नफा २०२४ साली दाखवला. मिळकतीतला साधारण दोन तृतीयांश वाटा हक्कधारकांना जातो. इतर सॉफ्टवेअरमध्ये ग्राहक वाढला की दरडोई खर्च घसरतो. इथे प्रत्येक ऐकण्यामागे देणं उभं राहतं. शिवाय स्पॉटिफायला बड्या म्युझिक कंपन्यांना सुरुवातीलाच भागीदारी द्यावी लागली होती. इतकी वर्षं तोटा सोसणारे गुंतवणूकदार किती जणांना मिळणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: रेडिओला ठरावीक दराने वैधानिक परवाना मिळतो, मग ॲपला का नाही? मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये टिप्स ही म्युझिक कंपनी विरुद्ध विंक हे ॲप या खटल्यात, असा परवाना देणारं कॉपीराइट कायद्याचं कलम ३१ड इंटरनेटवरच्या सेवेला लागू नाही असं म्हटलं. नवउद्योजकाला हे जाचक वाटेल, आणि काही अंशी आहेही. या निकालामुळे बड्या कंपन्यांच्या हातात किल्ल्या राहतात. तरी अशा स्वस्त वैधानिक परवान्याची झळ गीतकार-संगीतकारांनाही बसेल. २०१२च्या दुरुस्तीने त्यांना रॉयल्टीचा जो हक्क मिळाला, तो आपल्या ॲपसाठी पातळ करा असं म्हणणं मला पटत नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की लोकप्रिय गाण्यांचं आणखी एक ॲप काढण्याआधी हक्क जिथे स्वतःकडे ठेवता येतात ती जागा शोधा. शिकवणी, रियाजाची साधनं किंवा गायक-वादकांशी पहिल्याच दिवशी लेखी करार करून केलेली नवी ध्वनिमुद्रणं. यात वाढ सावकाश होते आणि गुंतवणूकदार नाकं मुरडतात, हे खरं. पण एका नामंजूर करारावर सगळं दुकान बंद करायची वेळ तरी येत नाही.